भाड्याची वही : मालवणातील एका कॅमेरा-दुकानाविषयी

मालवणच्या बाजारपेठेतून बंदराच्या जेटीकडे उतरणाऱ्या रस्त्याच्या आसपास एक जुने फोटो-दुकान आहे. त्याच्या पाटीवर पासपोर्ट फोटो, लग्नाचे चित्रीकरण, झेरॉक्स आणि टायपिंग एवढ्याच सेवा लिहिलेल्या आहेत. व्हिडिओ कॅमेरे, लेन्स, मायक्रोफोन आणि दिवे तेथे भाड्याने मिळतात, हे पाटी सांगत नाही. मी स्वतंत्रपणे पटकथा लिहिणारा आणि माहितीपट करणारा माणूस आहे, आणि गेल्या बारा वर्षांतील माझे जवळजवळ सर्व चित्रीकरण याच दुकानातून नेलेल्या सामानावर झाले आहे. दुकानाचे नाव येथे देत नाही, कारण मालकांची तशी इच्छा आहे. भाड्याने देण्याजोगे चांगले कॅमेरे त्यांच्याजवळ दोनच आहेत आणि गिऱ्हाईक वाढले तर लग्नाच्या ऑर्डरी कोणी सांभाळायच्या, असा त्यांचा सरळ प्रश्न आहे. ज्याला खरोखर गरज असेल त्याला बंदरावर चौकशी केल्यास दुकान सापडेल.

सामानापेक्षा आधी भाडे-आकारणीविषयी लिहितो, कारण या दुकानाचे वेगळेपण तिथेच आहे. मुंबईत कॅमेरा भाड्याने घेतला की हिशेब शिफ्टचा असतो. कॅमेऱ्याबरोबर बहुधा एक मदतनीस येतो, त्याचा भत्ता, जेवण आणि प्रवास वेगळा द्यावा लागतो, आणि कॅमेरा पेटीतून बाहेर निघो अथवा न निघो, दिवस संपला की भाडे लागू होते. जाहिरातीसाठी किंवा मालिकेसाठी ही पद्धत योग्यच आहे, कारण तेथे नट, दिवे आणि जेवणाची गाडी हे सगळे ठरलेल्या वेळी हजर असते. माहितीपटात मात्र ज्याची वाट पाहायची तो प्रसंग शिफ्ट पाहून येत नाही. रापणीचे उदाहरण घ्या. होडीने जाळे अर्धवर्तुळात समुद्रात सोडून त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून माणसांच्या दोन रांगांनी ओढायची आणि आलेल्या मासळीचे वाटे करायचे, ही मासेमारीची पद्धत चित्रित करण्यासाठी मी २०१४ च्या ऑक्टोबरपासून २०१६ च्या मेपर्यंत किनाऱ्यावर जात होतो. या काळात मी ६४ दिवस कॅमेरा घेऊन वाळूवर बसलो आणि त्यांपैकी २३ दिवसच कॅमेरा पेटीतून काढण्यासारखे काही घडले. उरलेल्या दिवशी कधी वारा उलटा होता, कधी किनाऱ्यालगत मासळी नव्हती, कधी गावात कोणी वारले होते, आणि एकदा तर तांडेलाच्या, म्हणजे होडीच्या प्रमुखाच्या, घरी पाहुणे आले होते एवढेच कारण होते.

दुकानाचा नियम असा, की जो दिवस कॅमेरा चालला नाही तो दिवस वहीत चढत नाही. सामान परत करताना मालक चष्मा कपाळावर सरकवून एवढेच विचारतात, ‘किती दिवस चालवलात?’ आणि गिऱ्हाईक जो आकडा सांगेल तो लिहून घेतात. त्या वेळी कॅमेरा आणि दोन लेन्स मिळून दिवसाचे भाडे १,२०० रुपये होते. म्हणजे शिफ्टच्या हिशेबाने मला ७६,८०० रुपये द्यावे लागले असते, ते मी २७,६०० रुपये दिले. उरलेले ४९,२०० रुपये ही माझ्या दृष्टीने सवलत नसून तो चित्रपटच होता, कारण तेवढे पैसे माझ्याजवळ नव्हते आणि तेविसाव्या चांगल्या दिवसाच्या कितीतरी आधी मी किनारा सोडून परत गेलो असतो. त्या चित्रीकरणाच्या मध्येच, ५ फेब्रुवारी २०१६ रोजी, राज्य शासनाने पर्ससीन जाळ्यांच्या, म्हणजे यांत्रिक बोटींवरून मासळीच्या थव्याला वेढा घालणाऱ्या मोठ्या जाळ्यांच्या, मासेमारीवर निर्बंध घालणारा आदेश काढला आणि इतके दिवस नुसते मासे मोजणारी माणसे एकाएकी बोलू लागली. दोन महिन्यांत काम गुंडाळावे लागले असते, तर ते बोलणे माझ्या कॅमेऱ्यात कधीच आले नसते.

ही व्यवस्था निव्वळ चांगुलपणावर चालते असे कोणी समजू नये. मालकांचा मुख्य धंदा लग्नाचा आहे. तुळशीचे लग्न लागले की मुहूर्त सुरू होतात आणि पावसाळ्याच्या तोंडापर्यंत त्यांचे कॅमेरे गावोगाव फिरत असतात. मुहूर्त नसलेल्या दिवशी कॅमेरा कपाटात पडून राहण्यापेक्षा माझ्याबरोबर वाळूवर पडून राहिला तर त्यांचे फारसे बिघडत नाही, आणि चालला तर चार पैसे मिळतात. उलट बाजू अशी, की मुहूर्ताच्या आदल्या संध्याकाळी कॅमेरा दुकानात पोहोचलाच पाहिजे. त्यात दयामाया नाही. एप्रिल आणि मे महिन्यांत तर या दुकानावर विसंबून चित्रीकरणाचे वेळापत्रक आखणे म्हणजे वेडेपणा आहे. एकदा एका गावच्या वार्षिक जत्रेचा शेवटचा दिवस मला याच कारणाने मोबाइलवर चित्रित करावा लागला, आणि संकलन करताना त्या दिवसाचे एकही दृश्य बाकीच्या दृश्यांशी जुळेना. चूक माझी होती. वहीच्या पहिल्या पानावर लग्नाच्या तारखा लाल शाईने लिहून ठेवलेल्या असतात.

या वहीबद्दल एक गोष्ट मुद्दाम नोंदवावीशी वाटते. तारखेच्या शेजारी मालक तिथीही लिहितात. तिथीची पाऊणपट केली की त्या दिवशीच्या पूर्ण भरतीची वेळ साधारणपणे निघते, हा या किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे आज सकाळी सातला साधलेले पाणी चार दिवसांनी सव्वादहा वाजून गेल्यावर येते, तोवर ऊन डोक्यावर आलेले असते आणि वाळूवर चेहऱ्यांच्या जागी काळ्या सावल्या उरतात. सामान न्यायला गेले की मालक वहीत पाहून सांगतात, की अमुक दिवसांत उधाणाचे, म्हणजे मोठ्या भरती-ओहोटीचे पाणी आहे, अमुक दिवसांत भांगाचे, म्हणजे लहान भरती-ओहोटीचे. कॅमेरा केव्हा न्यावा ते तुम्ही ठरवा. चित्रपटाचे शिक्षण देणाऱ्या कोणत्याही संस्थेत हा विषय शिकवत नसावेत, आणि समुद्रावर चित्रपट करणाऱ्याला याहून उपयोगी सल्ला भाड्याच्या दुकानात मिळणे अवघड आहे.

आता सामानाविषयी. दोन्ही कॅमेरे मिररलेस जातीचे आहेत, नव्यातले नव्हेत, पण ४के चित्रीकरण नीट करतात. कोकणात कॅमेऱ्याचा खरा शत्रू म्हणजे दमट हवा आणि खारा वारा. पावसाळ्यात चार महिने बॅगेत बंद ठेवलेल्या लेन्सच्या आत बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू धरतात, आणि ती एकदा काचेच्या लेपाला लागली की साफ केल्यावरही डाग राहतो. या दुकानात पूर्वी लेन्स तांदळाच्या डब्यात ठेवत असत. त्यानंतर सिलिका जेलच्या पुड्या आल्या. त्यांचे निळे खडे ओल धरून गुलाबी झाले की मालकीणबाई ते तव्यावर भाजून पुन्हा निळे करीत. आता आर्द्रता ४५ टक्क्यांवर धरून ठेवणारे विजेचे कपाट आहे, आणि मालक गिऱ्हाइकाला कॅमेऱ्याआधी ते कपाट दाखवतात. किनाऱ्यावरून परत आलेला कॅमेरा ते आधी गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या कापडाने पुसतात आणि मगच कोरड्या कापडाने. कोरडे कापड आधी फिरवले तर मिठाचे कण काचेवर आणि रंगावर ओरखडे काढतात. वातानुकूलित गाडीतून उतरल्यावर कॅमेरा निदान वीस-पंचवीस मिनिटे बॅगेतच बंद ठेवावा, नाहीतर काचेवर दव धरते, हेही त्यांनीच मला पहिल्या दिवशी सांगितले. बारा वर्षांत या दुकानातून मला बुरशी लागलेली लेन्स एकदाही मिळालेली नाही. मुंबईहून मागवलेल्या लेन्सबाबत असे म्हणता येणार नाही.

लेन्सची निवड मात्र तोकडी आहे. लग्नासाठी जे लागते तेच येथे असणार: एक मध्यम झूम, एक लांबची झूम आणि ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स. रुंद कोनाची चांगली लेन्स नाही, आणि सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावरच्या, दृश्यांसाठी तिची उणीव भासते. पण त्या पन्नासच्या लेन्सने मला कुडाळजवळच्या पिंगुळी गावात तारले. ठाकर समाजाची चित्रकथी, म्हणजे चित्रे दाखवत कथा सांगण्याची कला, आणि चामड्याच्या छाया-बाहुल्यांचा खेळ हे तेथील वैभव आहे, आणि २०२१ साली परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाल्यावर बाहेरच्या लोकांचेही त्याकडे लक्ष गेले. छाया-बाहुल्यांचा खेळ पडद्यामागच्या एका दिव्यावर चालतो. एफ ४ च्या झूमपेक्षा एफ १.८ वर सुमारे पाचपट प्रकाश आत येतो, त्यामुळे जादा दिवा न लावता तो खेळ जसा दिसतो तसाच मला घेता आला. मी सोबत एलईडी पॅनेलही नेणार होतो. मालकांनी ते हातातून काढून ठेवले आणि म्हणाले, की सावलीच्या खेळात उजेड कशाला घेऊन जाताय. हे त्यांनी भाडे सोडून सांगितले, हे ध्यानात घ्यावे.

ध्वनीच्या बाबतीत या दुकानाला मी फार कमी गुण देईन. लग्नाच्या चित्रीकरणात आवाजावर शेवटी सनई किंवा चित्रपटातले गाणे चढवतात, त्यामुळे मायक्रोफोन ही येथे दुय्यम वस्तू मानली जाते. किनाऱ्यावर वाऱ्याचा घरघराट थांबवायला मायक्रोफोनवर केसाळ कव्हर लागते. दुकानात एकच आहे आणि ते इतके झिजले आहे, की त्याचा उपयोग विग म्हणूनही व्हायचा नाही. २०१७ साली गलबते बांधणाऱ्या एका वृद्ध सुताराची मुलाखत मी येथून नेलेल्या वायरलेस मायक्रोफोनवर घेत होतो. बॅटरीची पेटी आतून गंजलेली होती आणि चाळीस मिनिटांच्या मुलाखतीत चौदाव्या मिनिटाला आवाज बंद पडला. मी कानाला हेडफोन लावलेले नव्हते, तेव्हा दोष अर्धा माझा आहे. दुकानाने त्या दिवसाचे भाडे घेतले नाही, मायक्रोफोन बदलला आणि मनापासून दिलगिरीही व्यक्त केली. पण पुढच्या महिन्यात पुन्हा गेलो तेव्हा ते आजोबा अंथरुणाला खिळले होते, आणि फळ्यांना बाक कसा द्यायचा हे त्यांनी हाताने करून दाखवलेले सव्वीस मिनिटांचे दृश्य माझ्याजवळ आजही मुके पडून आहे. त्यानंतर मी स्वतःचा ध्वनिमुद्रक आणि दोन मायक्रोफोन विकत घेतले. माझा सल्ला असा, की येथून कॅमेरा जरूर घ्यावा, आवाजाचे सामान आपले आणावे.

ड्रोन तीन वर्षांपूर्वी आला. तो २५० ग्रॅमच्या आतला, म्हणजे २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे नॅनो वर्गातला असल्यामुळे तो उडवायला वैमानिकाचा परवाना लागत नाही. परंतु परवाना लागत नाही म्हणजे कोठेही उडवता येतो असे नव्हे. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी चिपीचा विमानतळ सुरू झाला, आणि विमानतळाच्या हद्दीपासून १२ किलोमीटरपर्यंतच्या पट्ट्यात उड्डाणावर मर्यादा आहेत. मालवण शहराचा भाग त्यातच पडतो. मालक डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाचा नकाशा उघडून आपण कोठे उडवणार ते विचारतात आणि समाधान झाले नाही तर ड्रोन देत नाहीत. मला तो कातळशिल्पांसाठी हवा होता. कोकणातील कातळशिल्पांची नऊ ठिकाणे २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आली. त्यांतले कुडोपी मालवण तालुक्यातच आहे, आणि राजापूर तालुक्यातील कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे. जमिनीवर उभे राहून तो हत्ती दिसतच नाही. पायाखाली फक्त रेषा दिसतात. वरून पाहतानाही सूर्य डोक्यावर असेल तर उथळ कोरीव रेषा सपाट दगडात विरून जातात, आणि सकाळी सातच्या तिरप्या उन्हात मात्र हत्ती सावलीच्या रेघांनी उठून येतो. ड्रोनच्या दोनच बॅटऱ्या दुकानात आहेत. एवढ्यावर एका सकाळीचे काम कसेबसे निभते, आणि सड्यावर वाऱ्याने जोर धरला की इतका हलका ड्रोन डगमगतो.

मी माहितीपटांवर जगत नाही. इतरांसाठी पटकथा आणि संवाद लिहून जगतो, आणि त्या पैशांतून माहितीपट होतात. या दुकानाचे परीक्षण करताना ते सांगणे भाग आहे, कारण लेखनाच्या कामातही हे दुकान माझ्या उपयोगी पडले आहे. मी हाताने लिहितो. पूर्वी मुंबईत टायपिंगला दिलेली पाने श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप होऊन येत आणि ज्या संगणकावर तो फॉन्ट नसे तेथे सगळा मजकूर निरर्थक चिन्हांचा होऊन बसे. त्याहून वाईट म्हणजे टायपिंग करणारा गृहस्थ माझ्या पात्रांची मालवणी ‘शुद्ध’ करून देई. ‘खंय’चे ‘कुठे’ होई आणि ‘माका’चे ‘मला’. या दुकानात टायपिंग करणारी मुलगी युनिकोडमध्येच काम करते आणि मालवणीला हात लावत नाही. एकदा एका म्हातारीच्या तोंडी मीच चुकून ‘मला’ लिहिले होते. पाने द्यायला आली तेव्हा तिने त्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढली होती आणि विचारले, ‘ही म्हातारी ‘माका’ म्हणतली मां?’ पटकथेचा इतका चोख वाचक मला निर्मात्यांच्या कार्यालयांत क्वचितच भेटला आहे. पानामागे ती घेते ते पैसे मी येथे लिहीत नाही, कारण ते फार कमी आहेत आणि ते तिने वाढवावेत असे मला वाटते.

लेखनाच्या पैशांची रीत अशी, की ते हप्त्यांनी येतात: कथासार दिल्यावर एक हप्ता, पटकथेच्या पहिल्या खर्ड्यावर दुसरा, संवादांवर तिसरा, आणि चित्रीकरण सुरू होताना शेवटचा. चित्रीकरण सुरूच झाले नाही तर शेवटचा हप्ता कोणाकडे मागायचा, हे करारात लिहिलेले असूनही व्यवहारात कोणाला ठाऊक नसते. माझे असे दोन हप्ते दोन निर्मात्यांकडे अजून अडकलेले आहेत. माहितीपटाला पैसा देणारी ठिकाणेही थोडी आहेत. १९४८ साली स्थापन झालेला, माहितीपट करणारा केंद्र सरकारचा फिल्म्स डिव्हिजन २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाला. मुंबईचा आंतरराष्ट्रीय माहितीपट-लघुपट महोत्सव १९९० पासून आहे, पण तो दोन वर्षांतून एकदा भरतो, आणि ज्या वर्षी चित्रपट तयार होतो ते वर्ष बहुधा मधले असते. बाकी स्वयंसेवी संस्था, शाळा, सहकारी पतपेढ्यांचे सुवर्णमहोत्सव अशी कामे येतात आणि ती मी आनंदाने करतो. या सगळ्यामुळे माझ्या हातात पैसा येतो तो उधाणासारखा, आणि मधल्या काळात भांग असतो. दुकानाच्या वहीत माझ्या नावे उधारी नाही असे वर्ष मला आठवत नाही. २०१९ मध्ये ती १८,००० रुपयांवर गेली तेव्हा मी स्वतःच संकोचून सामान घ्यायचे थांबलो. मालकांनी निरोप पाठवला: ‘कॅमेरो घेवन जावा, पैशांचा मगे बघूया.’ पुढच्या पटकथेच्या दुसऱ्या हप्त्यातून ती रक्कम फिटली. कर्ज घेऊन चित्रपट करणाऱ्या मित्रांना व्याज भरताना मी पाहिले आहे, तेव्हा या वाक्याची किंमत मला कळते.

परंतु ज्याला अनुदान देणाऱ्या संस्थेला हिशेब सादर करायचा आहे, त्याने येथे सावध राहावे. दुकान जीएसटीची पावती देत नाही. हाताने लिहिलेली पावती मिळते आणि तिच्यावर तारखेऐवजी कधी कधी नुसती तिथी असते. माझ्या एका प्रकल्पात दिल्लीच्या लेखापालाने ‘वद्य त्रयोदशी’ या नोंदीचा खुलासा मागितला होता. मी तो दिला, तो त्यांना पटला नाही, आणि ती रक्कम अखेर मी पदरची भरली. सामानाचा विमाही नाही. काही फुटले तर भरपाई बोलून ठरते, आणि बोलणे सौम्य असले तरी रक्कम सौम्य नसते. ड्रोनचे एक पाते आणि कॅमेऱ्याची एक बाजू यांची दुरुस्ती मी भरून दिली आहे.

चित्रीकरण सुरक्षित ठेवण्याची सेवा दुकानाने अलीकडे सुरू केली आहे, आणि ती उत्तम आहे. १०० मेगाबिट वेगाने ४के चित्रीकरण केले तर तासाला ४५ गीगाबाइट जागा लागते, म्हणजे ६४ गीगाबाइटचे कार्ड सव्वा तासापेक्षा थोडे अधिक चालते, आणि वीस तासांचे चित्रीकरण ९०० गीगाबाइटवर जाते. घरी वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसताना एवढे कॉपी करणे जोखमीचे असते. दुकानात इन्व्हर्टर आहे. रात्री कार्डे दिली की सकाळी दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर प्रती तयार मिळतात आणि फायलींची संख्या व आकार दोन्हीकडे जुळतात की नाही हे तपासून तसे वहीत लिहिलेले असते. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले तेव्हा आमच्याकडे कित्येक दिवस वीज नव्हती. त्या दिवसांत बंदरावर आडव्या पडलेल्या होड्या मी या इन्व्हर्टरवर चार्ज केलेल्या बॅटऱ्यांनी चित्रित केल्या. मालकांच्या स्वतःच्या घराची कौले उडाली होती, तरी कॅमेऱ्यांचे कपाट त्यांनी आदल्या दिवशीच आतल्या खोलीत हलवून ठेवले होते. त्या दिवसांचे भाडे वहीत शून्य लिहिलेले आहे. मी चालवलेले दिवस नऊ सांगितले होते. त्यांनी ते ऐकले आणि लिहिले नाहीत.

वरच्या मजल्यावर संकलनाची एक खोली आहे. तिचा संगणक जुना आहे, मॉनिटरवर रंग भडक दिसतात आणि खालून झेरॉक्स यंत्राचा आवाज येतो. लग्नाचा अल्बम बनवायला ती ठीक आहे. माहितीपटाच्या रंगांचे किंवा ध्वनिमिश्रणाचे काम तेथे करू नये. त्यासाठी मुंबई किंवा पुणे गाठावे, किंवा पणजी.

ज्यांना प्रत्यक्ष जायचे आहे त्यांच्यासाठी काही व्यावहारिक गोष्टी. आज दिवसाचे भाडे कॅमेरा आणि दोन लेन्ससाठी १,८०० रुपये आहे, ड्रोनचे वेगळे. अनोळखी माणसाला पहिल्या वेळी अनामत रक्कम आणि ओळखपत्राची प्रत द्यावी लागते, आणि ‘चालवले तेवढेच दिवस’ हा नियम पहिल्या वेळी लागू होत नाही. दुसऱ्या किंवा तिसऱ्या वेळी, मालकांनी तुम्हाला किनाऱ्यावर कॅमेरा न काढता बसलेले एकदा पाहिले म्हणजे, तो आपोआप लागू होतो. ते संध्याकाळी बंदरावर फेरी मारतात. फोनवर नोंदणी होते, पण तुळशीच्या लग्नानंतरच्या तारखा दसऱ्याच्या आधीच विचाराव्यात. शिमग्यात आणि गणपतीत दुकानाचा नेम नसतो. एरवी ते सकाळी नऊला उघडते आणि दुपारी एक ते चार बंद असते, त्या वेळेत दार वाजवू नये.